पाना नंतर, ओळख आधी
जुन्या डिझेल गाडीची इंजेक्शन पद्धत ओळखण्याची आणि तपासण्याची कृती

डिझेल गाडीचं एखादं सिलिंडर मिसिंग करत असेल, तर ते शोधायची गॅरेजमधली जुनी युक्ती बहुतेकांनी पाहिलेली असते. इंजिन चालू ठेवायचं, नोझलवर येणाऱ्या एकेका नळीचा नट पान्याने थोडा सैल करायचा आणि कान द्यायचा. ज्या नटाने इंजिनाचा आवाज बदलत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनावर ही युक्ती आजही चालते. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, इंडिका व्हिस्टा आली. तिचं १२४८ सीसीचं क्वाड्राजेट इंजिन म्हणजे पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं फियाटचं मल्टिजेट. त्याच्यावर हाच पाना, याच पद्धतीने फिरवला तर नुसत्या आयडलला तीनशे बारच्या आसपास दाब असलेलं डिझेल मोकळं सुटतं. ती सुईसारखी धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते.

दोन्ही गाड्या डिझेलच्या, दोन्ही आता जुन्या, आणि बॉनेट उघडल्यावर नवख्या डोळ्याला दोन्हीकडे सारख्याच स्टीलच्या नळ्या दिसतात. फरक असा, की पहिल्या गाडीत डिझेल किती आणि कधी सोडायचं हे पंपातलं लोखंड ठरवतं आणि दुसरीत संगणक. त्यामुळे तपासणीचा क्रमही उलटा होतो. मेकॅनिकल पद्धतीत आधी उघडून पाहायचं असतं, इलेक्ट्रॉनिक पद्धतीत आधी वाचून पाहायचं असतं. पुढची कृती या क्रमानेच मांडली आहे.

लागणारं साहित्य

- रिंग आणि ओपन पाने, शक्यतो १७ आणि १९ नंबरच्या नळीच्या नटांसाठी फ्लेअर पाना
- टॉर्क रेंच
- मल्टिमीटर
- हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी आणि दोन क्लिप
- सारख्या मापाच्या चार छोट्या बाटल्या, त्यांच्यावर मिलिलिटरच्या खुणा
- तुमच्या गाडीच्या संगणकाशी बोलणारा, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर (फक्त इलेक्ट्रॉनिकसाठी)
- स्वच्छ कापड, नळ्यांची तोंडं बंद करायला प्लॅस्टिकची टोपणं
- चष्मा, हातमोजे, पुठ्ठ्याचा तुकडा, आग विझवायचं सिलिंडर

पुठ्ठा गळती शोधायला आहे. हात फिरवून गळती शोधायची सवय असेल तर ती इथेच सोडा. दाबाखालचं डिझेल कातडीत शिरलं तर सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढाच डाग दिसतो आणि फारसं दुखतही नाही. आत मात्र स्नायू सडायला लागतात. असं झाल्यास वाट न पाहता हॉस्पिटल गाठा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगा. यात शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

टप्पा १ : गाडी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

इंजिन बंद, गार. या टप्प्यात काहीही उघडायचं नाही, फक्त पाहायचं.

१. अ‍ॅक्सिलरेटर पॅडलपासून निघा. पॅडलवरून केबल निघून थेट डिझेल पंपाच्या लिव्हरला जोडली असेल, तर प्रमाण पंपच ठरवतो. पॅडलपाशी वायरींचा प्लग असेल, तर तुमचा पाय फक्त विनंती करतो. ती मान्य करायची की नाही, हे संगणक बघतो.

२. पंपातून निघणाऱ्या जाड भिंतीच्या स्टीलच्या नळ्या मोजा. चार सिलिंडरच्या इंजिनात चार नळ्या पंपातून निघून थेट चार नोझलपर्यंत जात असतील आणि वळणं घेऊन सगळ्यांची लांबी सारखी राखलेली असेल, तर तो इनलाइन किंवा रोटरी पंप. पंपातून एकच नळी निघून इंजिनाच्या डोक्याजवळच्या जाड दांड्याला जात असेल आणि त्या दांड्यातून चार आखूड नळ्या फुटत असतील, तर ती कॉमन रेल. तो पोकळ दांडा म्हणजेच रेल.

३. इंजेक्टरच्या माथ्याकडे पाहा. प्रत्येकावर दोन तारांचा प्लग असेल तर इंजेक्टर विजेवर उघडतो. फक्त बारीक रबरी रिटर्न नळी असेल तर तो दाबावर उघडतो. एखाद्याच नोझलला तार असेल तर ती सेन्सरची असते. तेवढ्यावरून ते इंजिन कॉमन रेल ठरत नाही.

४. पंप रोटरी की इनलाइन तेही बघून घ्या. इनलाइन पंप लांबट असतो, नळ्या त्याच्या माथ्यावर एका ओळीत उभ्या. रोटरी पंप आखूड असतो, नळ्या एका टोकाला वर्तुळात.

मधली जातही आहे. चार नळ्या पंपातून थेट निघतात, पण केबल नाही आणि पंपावर वायरींचा जाड प्लग आहे, असं दिसलं तर तो इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप. त्यात दाब जुन्या पद्धतीने तयार होतो, प्रमाण मात्र संगणक ठरवतो. भारतात विकल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआयमध्ये तो भेटतो. आणि स्कोडा लॉराच्या सुरुवातीच्या १.९ टीडीआयसारख्या गाडीत बाहेर एकही जाड नळी दिसत नाही. तिथे प्रत्येक सिलिंडरचा छोटा पंप आणि इंजेक्टर एकाच तुकड्यात, हेडच्या झाकणाखाली असतो. या दोन्ही जातींत तपासणीची सुरुवात स्कॅनरनेच करा.

सारांश ध्यानात ठेवायला सोपा आहे. नळ्या दाबाबद्दल सांगतात, पॅडलची तार निर्णयाबद्दल.

टप्पा २ : आत काय चाललं आहे ते समजून घ्या

आयडलला ताशी सुमारे ६०० मिलिलिटर डिझेल पिणारं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. ८५० फेऱ्यांवर ते मिनिटाला १७०० वेळा इंजेक्शन घेतं. हिशेब केला तर एका वेळी सुमारे सहा घन मिलिमीटर डिझेल येतं, म्हणजे एक बारीक थेंब. तो थेंब योग्य मापाचा, योग्य क्षणी आणि धुक्यासारखा फुटून आत जायला हवा. २००० फेऱ्यांवर क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा सुमारे बारा हजारावा भाग लागतो आणि इंजेक्शनची वेळ याच मापात पाळावी लागते. दोन्ही पद्धती हेच काम करतात, फक्त वेगवेगळ्या रीतीने.

इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला एक प्लंजर असतो. प्लंजरवर तिरकी खाच कोरलेली असते. तो वर जाताना डिझेल दाबतो आणि खाच भोकासमोर आली की दाब सुटतो. एक दातेरी दांडी, म्हणजे रॅक, सगळे प्लंजर एकदम किंचित फिरवते. त्यामुळे खाच लवकर किंवा उशिरा भोकासमोर येते आणि डिझेलचं प्रमाण बदलतं. बॉशने अशा पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९२७ मध्ये सुरू केलं आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली.

रोटरी पंपात एकच प्लंजर फिरता फिरता पुढेमागे होतो आणि आळीपाळीने चारही नळ्यांत डिझेल ढकलतो. प्रमाण एक सरकती कडी ठरवते. वेग वाढला की पंपाच्या पोटातला दाब वाढतो. तो दाब एका छोट्या पिस्टनला ढकलून इंजेक्शन थोडं आधी आणतो. दोन्ही प्रकारांत वेगावर ताबा ठेवायला गव्हर्नर असतो, बहुधा फिरती वजनं आणि स्प्रिंग.

या पंपांच्या पलीकडे नोझल असतं. त्यातली सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असते. प्रेशर कुकरची शिट्टी जशी ठरावीक दाबाला उचलते, तशी नळीतला दाब स्प्रिंगवर मात करतो तेव्हाच ती उघडते. इंडिकासारख्या प्री-चेंबरच्या इंजिनात हा दाब साधारण १०० ते १५० बार असतो, डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या इंजिनांत त्याहून जास्त. आपल्याकडे ही नोझल आणि हे पंप घरोघरी पोचवले ते मायकोने. बंगळूरला १९५१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा नाशिकच्या सातपूर भागातला कारखाना नोझल आणि इंजेक्टरसाठीच ओळखला जातो. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण त्र्यंबक रस्त्यावरचं मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे.

कॉमन रेलने काम वाटून दिलं. पंप फक्त दाब तयार करून रेलमध्ये साठवतो. कधी आणि किती सोडायचं याचा त्याला पत्ताही नसतो. रेलमधला दाब इंजेक्टरच्या तोंडापर्यंत सतत हजर असतो. संगणक क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, पॅडल, हवा आणि तापमान यांचे आकडे वाचून इंजेक्टरच्या कॉइलला वीज देतो. कॉइल सुईला थेट उचलत नाही. ती वरच्या कक्षातला छोटा व्हॉल्व्ह उघडते, तिथला दाब रिटर्नमध्ये सुटतो आणि खालचा दाब सुईला वर ढकलतो. म्हणून चांगल्या इंजेक्टरमधूनही थोडं डिझेल नेहमी रिटर्नला जातं. टप्पा ५ मधली बाटल्यांची तपासणी याच गोष्टीवर उभी आहे.

पहिली कॉमन रेल मोटार १९९७ ची आल्फा रोमिओ १५६. पहिल्या पिढीत कमाल दाब सुमारे १३५० बार होता, पुढच्या पिढीत १६०० झाला. दाब वेगाशी बांधलेला नसल्यामुळे मुख्य इंजेक्शनच्या आधी एक इवलंसं पूर्व-इंजेक्शन देता येतं. जुन्या इंडिकाची खडखड आणि व्हिस्टाचा मऊ आवाज यांतला बराचसा फरक त्यातून येतो.

टप्पा ३ : दोन्हींना लागू पडणारी प्राथमिक तपासणी

पंपाकडे बोट दाखवण्याआधी या पाच गोष्टी पाहा. तक्रारींचा मोठा भाग इथेच मिटतो.

१. टाकीत निदान पाच लिटर डिझेल आहे याची खात्री करा. गेज जुन्या गाडीत खोटं बोलतो.

२. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून अर्धा कप डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर ही तपासणी दर सर्व्हिसला करा.

३. त्याच बाटलीचा वास घ्या. रॉकेलचा वास आला तर टाकी रिकामी करणं स्वस्त पडेल. रोटरी पंपाला आणि कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं, दुसरं तेल नसतं. इनलाइन पंपाच्या कॅमला निदान इंजिन ऑइल मिळतं, म्हणून तो भेसळ थोडी जास्त सोसतो.

४. फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावा. इंजिन चालू करून पाहा. बुडबुडे सतत येत असतील तर गाडी कुठून तरी हवा ओढते आहे. टाकीपासून फिल्टरपर्यंतचे सांधे, फिल्टरचं सील आणि प्रायमर एकेक करून तपासा. ओढणाऱ्या नळीत हवा आत शिरते, डिझेल बाहेर येत नाही. त्यामुळे अशी गळती कोरडी असते आणि डोळ्यांना दिसत नाही.

५. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज मोजा. तो दहाच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अर्थ. डिझेल इंजिनाला पेटायला हवा तापवणारा वेग लागतो आणि इलेक्ट्रॉनिक गाडीत संगणकालाही व्होल्टेज लागतो. त्याच वेळी ग्लो प्लगला वीज पोचते का, तेही मीटरने पाहा.

टप्पा ४ : मेकॅनिकल पद्धत — उघडून तपासा

*हवा काढणे.* फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपल्यावर ही कृती लागतेच.

१. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडर स्क्रू दोन फेरे सैल करा. खाली कापड धरा.

२. हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग अखंड धार. प्रायमर दाबलेल्या स्थितीतच स्क्रू बंद करा, नाहीतर सोडताना पुन्हा हवा ओढली जाते.

३. पंपावर वेगळा ब्लीडर असेल तर तिथेही हेच करा.

४. दोन नोझलवरचे नट एक फेरा सैल करा. चावी ऑन, पॅडल पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. नटापाशी डिझेलचे झटके दिसू लागले की नट आवळा.

५. इंजिन सुरू करा. थोडा वेळ ते अडखळेल. उरलेल्या हवेला बाहेर पडू द्या.

*डिझेल पंपापर्यंत येतं, नोझलपर्यंत येत नाही.* रोटरी पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन-ऑफ करताना ‘टक’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर तारेवर १२ व्होल्ट आहेत का ते मोजा. व्होल्टेज असून आवाज नसेल तर सोलेनॉइड खराब. केबलने किंवा लिव्हरने बंद होणाऱ्या इनलाइन पंपात स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येतो का ते पाहा. अर्धवट अडकलेल्या केबलपायी पंप उतरवल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये मिळतात.

*मिसिंग शोधणे.* आता ती जुनी युक्ती.

१. इंजिन गरम करून आयडलला ठेवा. चष्मा लावा. तापलेल्या एक्झॉस्टवर डिझेल सांडणार नाही अशा रीतीने कापड ठेवा.

२. एका नोझलवरचा नट अर्धा फेरा सैल करा. दाब नळीत साठत नाही, त्यामुळे डिझेल फक्त झिरपतं.

३. इंजिन खाली बसलं तर ते सिलिंडर ठीक. फरकच पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरमध्ये. नट आवळा आणि पुढच्या नोझलकडे जा.

४. दोषी नोझल काढून शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. खालचं वॉशर दर वेळी नवं घ्या. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर नोझल दोषी. तिथेच राहिलं तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचा तो भाग.

५. नोझल टेस्टरवर तीन गोष्टी बघायला सांगा. ठरलेल्या दाबाला उघडतं का, फवारा सारखा पसरतो का, आणि दाब उघडण्याच्या किंचित खाली धरल्यावर टोकाला थेंब जमतो का. टेस्टरच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही नेऊ नका.

*धूर वाचणे.* काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि टपकणारं नोझल आधी पाहा, पंप शेवटी. पांढरा, डोळे झोंबवणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. यात ग्लो प्लग, कमी कॉम्प्रेशन किंवा उशिरा होणारं इंजेक्शन यांपैकी काहीतरी असतं. निळा धूर इंजिन ऑइलचा, त्यात पंपाचा दोष नाही.

*हात कुठे लावायचा नाही.* आयडलचा स्क्रू बाहेरून फिरवता येतो. कमाल डिझेल ठरवणारा सीलबंद स्क्रू फिरवू नका. थोडा फिरवल्यावर पिकअप वाढल्यासारखं वाटतं आणि नंतर पिस्टन वितळतात. पंप उतरवायची वेळ आलीच तर पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या बॉडीवर मिळून एक बारीक रेघ मारा. पंपाची पोझिशन किंचित फिरली तरी इंजेक्शनची वेळ बदलते. वेळ आधी गेली तर कडक ठोका येतो, उशिरा गेली तर पांढरा धूर येतो आणि ताकद जाते.

टप्पा ५ : इलेक्ट्रॉनिक पद्धत — वाचून तपासा

या टप्प्याचा पहिला नियम: इंजिन चालू असताना रेल, हाय प्रेशर नळी किंवा इंजेक्टरच्या नटाला पाना लावायचा नाही. दुसरा नियम: इंजेक्टरचा प्लगही चालू इंजिनावर ओढायचा नाही. सुई झटक्यात उघडावी म्हणून संगणक तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज देतो. आणि इंजेक्टर उघडतो का हे पाहायला त्याला थेट १२ व्होल्ट जोडले तर कॉइल जळते.

१. *दिवा पाहा.* चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब, फ्यूज किंवा संगणकाचा पुरवठा बघा. तिथूनच सुरुवात आहे.

२. *स्कॅनर लावा आणि कोड उतरवून घ्या.* कोड पुसू नका. कोड कोणत्या वेगाला आणि तापमानाला आला याची नोंदही संगणक अनेकदा ठेवतो. पुसल्यावर ती जाते. कोड म्हणजे निकाल नव्हे, तक्रार. ‘रेल प्रेशर कमी’ असा कोड चोंदलेल्या फिल्टरनेही येतो.

३. *सेल्फ मारताना दोन आकडे बघा.* पहिला, इंजिनाचा वेग. इंजिन फिरतंय आणि स्कॅनरवर शून्य आहे, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची तार. तो आकडा नसेल तर संगणक इंजेक्शन देतच नाही. दुसरा, रेलचा दाब. बहुतेक गाड्यांत तो दीडशे ते अडीचशे बारच्या दरम्यानच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोचल्याशिवाय इंजेक्शन सुरू होत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

४. *इंजिन चालू असेल तर हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवा.* आयडलला दोन्ही अडीचशे ते साडेतीनशे बारमध्ये आणि एकमेकांच्या जवळ असायला हवेत. आयडलला जुळतात पण चढावर प्रत्यक्ष आकडा मागे पडतो, तर फिल्टर, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह, झिजलेला पंप किंवा गळके इंजेक्टर. इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर चावी ऑन केली असता दाब शून्याजवळ दिसत नसेल, तर सेन्सरवर संशय घ्या.

५. *बाटल्यांची तपासणी करा.* ही कॉइलवर चालणाऱ्या इंजेक्टरसाठी आहे. पिएझो इंजेक्टरवर करू नका, त्यांच्या रिटर्नमध्ये दाब राखावा लागतो. इंजिन बंद करून चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढा, प्रत्येकाला एक नळी जोडून एकेका बाटलीत सोडा आणि मूळ रिटर्न नळीचं तोंड बंद करा. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा, मग थोडी रेस द्या. चारही बाटल्यांतली पातळी जवळपास सारखी हवी. एक बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो आणि रेलचा दाब पळवतो. इंजिन सुरूच होत नसेल तर फक्त सेल्फवर हीच तपासणी करा. रिटर्नची बाजू कमी दाबाची आहे, पण डिझेल गरम असतं.

६. *मिसिंग शोधायला पान्याऐवजी स्कॅनर वापरा.* स्कॅनरमध्ये सोय असेल तर एकेक इंजेक्टर बंद करता येतो. कान तोच, तर्क तोच. ज्याला बंद करून आवाज बदलत नाही ते सिलिंडर दोषी. सोबत प्रत्येक सिलिंडरसाठी संगणक करत असलेली दुरुस्तीही दिसते. एका सिलिंडरला सतत जास्त डिझेल द्यावं लागत असेल तर तो इंजेक्टर किंवा ते कॉम्प्रेशन कमकुवत आहे.

७. *उघडायची वेळ आलीच तर आधी थांबा.* इंजिन बंद करा, निदान दहा मिनिटं जाऊ द्या, स्कॅनरवर रेलचा दाब उतरलेला पाहा, मगच नट सैल करा. त्याआधी सांध्याभोवतीची जागा धुऊन कोरडी करा. या भागांतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. डोळ्यांना न दिसणारा कण इंजेक्टर अडवू शकतो. उघडलेलं प्रत्येक तोंड लगेच टोपणाने बंद करा. अनेक उत्पादक एकदा सोडलेली हाय प्रेशर नळी पुन्हा वापरू नका असं सांगतात. नवी नळी ठरलेल्या टॉर्कनेच आवळा.

८. *इंजेक्टर बदलला तर त्याच्या अंगावरचा कोड संगणकात भरा, गाडीला ती सोय असेल तर.* त्या कोडमध्ये त्या इंजेक्टरचं वैयक्तिक माप असतं. न भरल्यास गाडी चालते, पण आयडल खडबडीत होतं आणि धूर वाढतो.

९. *हवा काढताना हाय प्रेशरची बाजू उघडू नका.* फिल्टरजवळ रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी चार-पाच वेळा ऑन करून दर वेळी काही सेकंद थांबा. मग सेल्फ मारा. पुढचं काम रिटर्न नळी करते.

लक्षणावरून पहिली पायरी

*फिरतं पण पेटत नाही.* मेकॅनिकल : स्टॉप सोलेनॉइडचा आवाज, मग हवा. इलेक्ट्रॉनिक : सेल्फवर वेग आणि रेलचा दाब.

*सकाळी गार असताना उशिरा पेटतं.* मेकॅनिकल : ग्लो प्लग, रात्रभरात नळीत शिरलेली हवा. इलेक्ट्रॉनिक : ग्लो प्लग, बॅटरी.

*गरम झाल्यावर पेटत नाही.* मेकॅनिकल : झिजलेला पंप. तापलेलं पातळ डिझेल फटीतून निसटतं. इलेक्ट्रॉनिक : बाटल्यांची तपासणी, क्रँक सेन्सर.

*चढावर ताकद नाही.* मेकॅनिकल : फिल्टर, केबलचा ढिलेपणा, टायमिंग. इलेक्ट्रॉनिक : हवा असलेला आणि प्रत्यक्ष दाब, हवेच्या नळीतली गळती.

*बंदच होत नाही.* मेकॅनिकल : स्टॉप केबल किंवा अडकलेला सोलेनॉइड. इलेक्ट्रॉनिक : टर्बोतून इंजिन ऑइल आत येत असण्याची शक्यता जास्त. मॅन्युअल गिअर असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन मारा.

पंप रूमला गाडी देताना

पंप किंवा इंजेक्टर टेस्ट बेंचवर न्यायची वेळ आली, तर ‘पिकअप नाही, बघा जरा’ असं सांगून चावी देऊ नका. मेकॅनिकल गाडीसाठी एका कागदावर धुराचा रंग, तो गार असताना येतो की गरम असताना, दोषी सिलिंडरचा नंबर आणि पारदर्शक नळीत बुडबुडे होते का, हे लिहा. इलेक्ट्रॉनिक गाडीसाठी कोड, सेल्फवरचा आणि आयडलवरचा रेलचा दाब आणि चार बाटल्यांची मापं लिहा. परत घेताना पहिल्या प्रकारात प्रत्येक नोझलचा उघडण्याचा दाब आणि पंपाची प्रत्येक लाइनची मापं मागा, दुसऱ्या प्रकारात प्रत्येक इंजेक्टरचा छापील टेस्ट रिपोर्ट मागा.

हे कागद देताना आणि घेताना जपून ठेवले, की चारही नोझल ‘कशाला धोका, बदलूनच टाकू’ म्हणून बदलली जात नाहीत. मेकॅनिकल गाडीत असा अंदाजपंचे खर्च एकवेळ सोसतो. कॉमन रेलच्या जुन्या गाडीत मात्र चार नव्या इंजेक्टरांचं बिल गाडीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करू शकतं.